टोमॅटोंना रात्र हवी

खिडकीची कड मोजली मी : वीतभर, आणि वर एक करंगळी.
लांबी साडेचार हात.
एवढंच माझं रान,
मुर्मान्स्कमध्ये, पाचव्या मजल्यावर.
खालून रेडिएटरची धग,
समोरून काचेतून झिरपणारी थंडी,
रोपांचे पाय भाजतात आणि डोकं गारठतं.
म्हणून खोक्यांखाली जुन्या तिकिटांचे गठ्ठे घातलेत,
ट्रॉलीबसच्या डेपोतून आणलेले.
नाहीतरी ती आता कुणी फाडत नाही.

डिसेंबरात सूर्य येतच नाही.
दुपारी बाराला आभाळ जरा निळसर होतं,
कुणी दार किलकिलं करून आत बघावं
आणि चुकलं म्हणून लावून घ्यावं, तसं.
तेव्हा फक्त कांदे,
मेयॉनीजच्या बरण्यांच्या तोंडावर बसवलेले,
बूड पाण्यात.
कांद्याला उजेडाशी देणंघेणं नसतं,
तो स्वतःलाच खात वर येतो.
पात कापून बटाट्यावर टाकायची
आणि उरलेला कांदा दाबून बघायचा :
साली. आत काही नाही.

फेब्रुवारीत जांभळा दिवा लावला.
समोरच्या इमारतीतली कपितोलिना म्हणाली,
एवढं वीजबिल भरून काय उजेड पाडणार आहेस?
मी म्हटलं, जांभळा.

मग एका संध्याकाळी बेल वाजली.
हद्दीतला पोलीस. कोवळा पोरगा, टोपीवर बर्फ.
तक्रार आहे म्हणाला, खिडकी रात्रभर जांभळी असते,
पिकवता काय?
कुणाची तक्रार, ते सांगायचं नसतं म्हणे.
मी बाजूला झाले.
बूट काढून तो आत आला, मोज्याला भोक,
आणि केफिरच्या कापलेल्या खोक्यांपुढे उभा राहिला.
एकोणीस खोकी, चार-चार पानांची रोपं.
वही उघडली, पण लिहीना.
शेवटी हळूच :
माझ्या आईची नुसती उंच होतात
आणि मान टाकतात, ते कशानं?
ऊब जास्त, उजेड कमी, मी सांगितलं.
पाणी हात राखून घालायचं.
आणि रोज तळवा फिरवायचा पानांवरून,
त्यांना वाटलं पाहिजे, वारा आहे.
जाताना एक खोकं घेऊन गेला,
ओव्हरकोटाच्या आत, छातीशी,
वरपर्यंत बटणं लावून.

एप्रिलमध्ये फुलं आली.
पाचव्या मजल्यावर माशी कुठून यायची?
पापण्या रंगवायचा एक ब्रश होता,
बऱ्याच वर्षांत लागला नव्हता.
पहाटे साडेचारला, पहिली गाडी काढायच्या आधी,
या फुलावरून त्या फुलावर.
मध्येच लक्षात आलं, मी तोंडानं गुणगुणतेय.
घरात कुणी नव्हतं, तरी लाजले.

आणि मे संपण्याआधीच
सूर्य मावळायचा थांबला.
लोकांना वाटतं, आता रोपांची चंगळ.
चंगळ कसली! पानं आतल्या आत वळू लागली,
सलग चौथ्या रात्रपाळीनंतर
आरशात माझे डोळे दिसतात, तशी.
तेव्हा उमगलं, टोमॅटोंना रात्र हवी.
आता रोज नऊला
भावाची लष्करातली घोंगडी लावते खिडकीला,
दोन खिळे, दोन चिमटे.
बाहेर लख्ख ऊन, पोरं सायकली फिरवतायत,
आणि आत मी अंधार पाडत बसते,
वीतभर, आणि वर एक करंगळी.
त्या अंधारात पानांचा वास सुटतो,
उग्र, बोटांना चिकटणारा.
मलाही झोप लागते.

यंदा अकरा धरले.
एक कपितोलिनाला दिला.
तिनं जिन्यातच मीठ लावून खाल्ला,
देठ खिशात टाकला,
बोलली काही नाही.
दुसऱ्या दिवशी तिच्या खिडकीत एक बरणी दिसली,
रिकामी, पालथी.
नुसती धुऊन ठेवली असेल.
बघू.